खाडीकाठच्या जमिनीत पाइलची भारवहन क्षमता कशी काढावी : बोअरहोलपासून भारचाचणीपर्यंत

पाइलची, म्हणजे इमारतीचा भार खोल थरांपर्यंत नेणाऱ्या खांबाची, क्षमता काढताना सूत्र चुकल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. सूत्रे आयएस २९११ या पाइलच्या भारतीय मानकात छापलेली आहेत आणि तयार तक्त्यात आकडे भरले की उत्तर मिळते. चुका होतात त्या आकडे भरण्याआधी आणि उत्तर हाती आल्यानंतर. तपासणीसाठी माझ्याकडे येणाऱ्या हिशोबांत त्याच तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात : खडकात दीड मीटर जाऊन थांबलेले बोअरहोल (जमिनीचे थर तपासण्यासाठी घेतलेले भोक), खाली खेचणाऱ्या मातीला आधार देणारी माती समजून केलेली बेरीज, आणि भारचाचणीत दिसलेला सगळा प्रतिकार कायमचा मानून वाढवलेला सुरक्षित भार. या तिन्ही चुका कामाचा क्रम न पाळल्यामुळे होतात, म्हणून येथे तो क्रम टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

हा लेख मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठी नेहमी आढळणाऱ्या जमिनीपुरता आहे. वर भराव, त्याखाली मऊ मरीन क्ले (समुद्री चिकणमाती), मग कठीण पिवळसर माती किंवा मुरूम आणि शेवटी कमी-अधिक झिजलेला बेसाल्ट, ब्रेशिया (जुळून आलेल्या दगडतुकड्यांचा खडक) किंवा टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक), असे थर येथे गृहीत आहेत. पाइलही येथे सर्रास वापरला जाणारा, म्हणजे भोक खोदून जागेवर काँक्रीट ओतलेला, घेतला आहे. आडव्या भाराचा हिशोब हा वेगळा विषय असून तो येथे घेतलेला नाही.

हिशोबासाठी एक नमुना जागा धरू. तिचे आकडे उदाहरणापुरते आहेत.

- ० ते ३ मीटर : अलीकडे टाकलेला भराव
- ३ ते ११ मीटर : मऊ मरीन क्ले, अनिचरित कर्तनबल (आतले पाणी निघून न जाता मातीची सरकण्याला विरोध करण्याची ताकद) १५ किलोपास्कल
- ११ ते १४ मीटर : कठीण पिवळसर चिकणमाती, कर्तनबल १०० किलोपास्कल
- १४ ते १७ मीटर : पूर्ण झिजलेला, हाताने चुरा होणारा खडक
- १७ मीटरखाली : मध्यम झिजलेली ब्रेशिया
- पाइल : व्यास ६०० मिलिमीटर, काँक्रीट एम २५

## टप्पा १ : बोअरहोलची आखणी

बोअरहोल किती घ्यावेत, हे बजेटवरून न ठरवता खडकाच्या पातळीतील चढउतारावरून ठरवावे. पहिली दोन-तीन बोअरहोल प्लॉटच्या विरुद्ध कोपऱ्यांत घ्यावीत. त्यांतील खडकाच्या पातळीत दोन-तीन मीटरांहून अधिक फरक आढळला, तर मधली बोअरहोल वाढवावीत आणि जड कॉलमच्या प्रत्येक गटाजवळ किमान एक येईल अशी मांडणी करावी. बेसाल्टचा पृष्ठभाग सपाट असतो ही समजूत खाडीकाठी हमखास महागात पडते, कारण जुन्या ओढ्यांची पात्रे मरीन क्लेखाली गाडली गेलेली असतात आणि जमिनीवरून त्यांचा मागमूसही लागत नाही.

खोलीच्या बाबतीत माझा आग्रह असा की, पाइलचे टोक जेथे येईल असे वाटते त्याच्या खाली किमान पाच मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढलाच पाहिजे. याची कारणे दोन आहेत. बेसाल्ट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मुरमात कठीण गोटे शिल्लक राहतात. गोटा मीटरभर जाडीचा असला, तर दीड मीटर कोअरपैकी बहुतेक त्यातच संपतो आणि नोंदवहीत ‘खडक लागला’ असे लिहिले जाते. दुसरे असे की, लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये लाल बोल (प्रवाहांमधली झिजलेली लाल माती), टफ किंवा मुंबईच्या काही भागांत शेल यांचे मऊ पट्टे असतात आणि ते वरच्या उत्तम खडकाखाली दडलेले राहतात. डोंगराच्या पायथ्याच्या एका कामावर करारात लिहिल्याप्रमाणे दीड मीटर कोअर घेऊन बोअरहोल बंद केली गेली होती, आणि पायलिंग सुरू झाल्यावर शेजारशेजारच्या दोन पाइलांच्या खडकपातळीत चार मीटरांचा फरक निघाला. वरच्या पातळीवरचा ‘खडक’ गोटाच होता. त्या जागेचा अहवाल मी स्वतः वाचून मान्य केला होता, आणि तेव्हापासून कोअरची खोली हा पहिला प्रश्न मी विचारतो.

कोअर काढताना दुहेरी नळीचा कोअर बॅरल वापरला जात आहे, हे जागेवर उभे राहून पाहावे. एकेरी नळीत फिरते पाणी झिजलेला खडक धुऊन नेते, कोअर कमी मिळतो आणि खडक आहे त्याहून वाईट दिसतो.

पडताळणी : बोअरहोलमधील पाण्याची पातळी खोदाई संपल्यावर किमान २४ तासांनी मोजली आहे का? खाडीकाठी ती भरती-ओहोटीबरोबर बदलते, म्हणून मोजण्याची वेळही लिहिलेली हवी.

## टप्पा २ : चाचण्यांचे आकडे वाचणे

प्रमाणित भेदन चाचणीत, म्हणजे एसपीटीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून नमुना-नळी ४५ सेंटिमीटर आत घालतात. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे आणि पुढच्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे एन मूल्य. अहवालात फक्त एन दिलेले असेल, तर प्रत्येक १५ सेंटिमीटरचे वेगवेगळे ठोके मागवून घ्यावेत. ४, ५, ३२ असे ठोके असतील, तर नळीचे टोक खालच्या कठीण थरावर किंवा एखाद्या दगडावर टेकले आहे. एन ३७ हा त्या थराचा गुणधर्म नव्हे आणि तो सरासरीत धरता येणार नाही.

वाळू असलेल्या जागी आणखी दोन दक्षता हव्यात. भोकातील पाणी भूजलापेक्षा खाली गेले, तर तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते आणि एन खोटा कमी मिळतो. उलट, पाण्याखालच्या बारीक वा गाळयुक्त वाळूत एन खोटा जास्त मिळतो. म्हणून वरच्या मातीच्या दाबाची दुरुस्ती केल्यानंतरही एन १५ च्या वर असेल, तर १५ च्या वरचा भाग निम्मा करावा, म्हणजे ३१ चे २३ होतात. आयएस २१३१ मध्ये ही दुरुस्ती दिलेली आहे, पण ती लावण्याचा क्रम अनेकदा उलटा केला जातो. आधी दाबाची दुरुस्ती, मग ही.

मऊ मरीन क्लेमध्ये एसपीटीवर विसंबू नये. एन शून्य, एक किंवा दोन येतो आणि त्यावरून कर्तनबल काढणे म्हणजे अंदाजावर अंदाज होय. तेथे जागेवरची व्हेन चाचणी (मातीत पाती फिरवून कर्तनबल मोजणे) करून घ्यावी आणि पातळ भिंतीच्या नळीने अविचलित नमुने काढावेत.

आता कोअर बॉक्स. छायाचित्र न पाहता तो प्रत्यक्ष उघडून पाहावा. आपल्या नमुना जागेतील १७.० ते १८.५ मीटरची रन, म्हणजे एका खेपेत कोरलेली लांबी, घेऊ. रनची लांबी १५० सेंटिमीटर आणि खणात मिळालेला कोअर एकूण ९० सेंटिमीटर, म्हणजे कोअर रिकव्हरी ६० टक्के. आता तुकडे मोजायचे. २२ आणि १४ सेंटिमीटरचे दोन तुकडे आहेत, नऊ-नऊ सेंटिमीटरचे दोन आहेत आणि बाकी सगळे बारीक आहेत. आरक्यूडीत, म्हणजे खडकाच्या अखंडपणाच्या टक्केवारीत, १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडेच धरायचे असल्याने नोंदवहीत ३६ भागिले १५०, म्हणजे २४ टक्के लिहिलेले आहे. पण ते नऊ-नऊचे तुकडे हातात घेऊन एकमेकांना लावले, तर ते तंतोतंत बसतात. तुटलेली कड धारदार आणि ताजी आहे, तिच्यावर ना तांबूस डाग आहे ना मातीचा लेप. ही भेग निसर्गाची नव्हे, कोअर बॅरलमधून बाहेर काढताना ती पडली आहे. दोन्ही मिळून १८ सेंटिमीटरचा एक तुकडा धरायचा, आणि आरक्यूडी ५४ भागिले १५०, म्हणजे ३६ टक्के होते. याच्या उलट चूकही होते आणि ती अधिक धोक्याची आहे : डाग पडलेल्या जुन्या भेगेलाही ‘ड्रिलिंगची’ ठरवून तुकडे जोडले जातात.

इशारा : ब्रेशिया आणि टफ पाण्यात मऊ पडतात. दाबसामर्थ्याची चाचणी नमुना भिजवून केलेली असावी. कोरड्या नमुन्याचा आकडा पाइलच्या हिशोबात घेऊ नये. तसेच प्रयोगशाळेत चाचणीला धडधाकट तुकडाच जातो, हेही लक्षात ठेवावे. एकाच नमुन्यावर हिशोब उभा करू नये.

## टप्पा ३ : प्रत्येक थराची भूमिका ठरवणे

सूत्राला हात लावण्यापूर्वी प्रत्येक थरापुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : ‘देतो’, ‘देत नाही’ किंवा ‘घेतो’. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा वगळले जाते.

आपल्या जागेत भराव अलीकडचा आहे. त्याच्या वजनाने खालची मरीन क्ले अजून दबत आहे, म्हणजे पुढची कित्येक वर्षे भराव आणि क्ले हे दोन्ही थर पाइलच्या तुलनेत खाली सरकणार आहेत. त्यामुळे ते पाइलला आधार देणार नाहीत, उलट खाली खेचतील. दोन्हींपुढे ‘घेतो’ लिहायचे.

कठीण चिकणमाती आणि चुरा होणारा खडक यांत घर्षण निश्चित आहे, पण पाइलचे टोक चांगल्या खडकात रुतलेले असताना ते पुरते वापरले जाईलच असे नाही. मातीतील घर्षण पूर्ण जागे होण्यासाठी पाइलला काही मिलिमीटर खचावे लागते आणि खडकात रुतलेला पाइल तेवढा खचत नाही. म्हणून या दोन थरांपुढे मी ‘देत नाही’ लिहितो आणि तो आधार राखीव समजतो. काही सहकारी येथे अंशतः घर्षण धरतात. त्यांनी तसे करताना दोन्ही थरांचे खचणे एकाच वेळी जुळते आहे, हे हिशोबात दाखवले पाहिजे.

मध्यम झिजलेली ब्रेशिया : ‘देतो’.

पडताळणी : भराव किती वर्षांपूर्वीचा आहे, आणि प्रकल्पात जमीन आणखी उंच करायची आहे का? वास्तुविशारदाच्या नकाशातील अंतिम जमीनपातळी पाहिल्याशिवाय हा टप्पा पूर्ण होत नाही. आज भराव नसला आणि उद्या दीड मीटर टाकायचा असला, तरी क्ले ‘घेतो’ याच रकान्यात जाते.

## टप्पा ४ : टोक मातीत थांबत असेल तर

खडक फार खोल असेल आणि पाइल मातीतच थांबवायचा असेल, तर आयएस २९११ च्या भाग १, विभाग २ (२०१०) मधील स्थिर सूत्रे वापरावीत.

चिकणमातीत टोकाची क्षमता म्हणजे टोकाचे क्षेत्रफळ, टोकाजवळचे कर्तनबल आणि ९ यांचा गुणाकार. बाजूचे घर्षण म्हणजे प्रत्येक थराचे कर्तनबल, त्याचा आसंजन गुणांक (माती पाइलला किती चिकटते याचे प्रमाण) आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार. हा गुणांक मऊ मातीत एकच्या जवळ असतो आणि माती कठीण होत जाते तसा निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. सर्व थरांना एकच गुणांक लावणे ही येथली नेहमीची चूक आहे.

वाळूत टोकाची आणि बाजूची क्षमता वरच्या मातीच्या परिणामी (पाण्याचा दाब वजा केलेल्या) दाबावर ठरते, पण हा दाब खोलीबरोबर अमर्याद वाढवत नेता येत नाही. घर्षणकोन ३० अंश किंवा कमी असेल तर व्यासाच्या १५ पट खोलीपर्यंत आणि ४० अंश असेल तर २० पट खोलीपर्यंतच तो वाढतो असे धरून पुढे स्थिर ठेवायचा असतो. ६०० मिलिमीटरच्या पाइलसाठी ही मर्यादा ९ ते १२ मीटर येते. तक्त्यात ही अट घातली नसेल, तर २५ मीटरच्या पाइलची क्षमता कागदावर भलतीच फुगते. भूजलाखाली मातीचे निमज्जित (पाण्याने उचललेला भाग वजा केलेले) वजन घ्यायचे, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

या सूत्रांनी आलेल्या अंतिम क्षमतेला किमान २.५ ने भागून सुरक्षित भार काढायचा.

## टप्पा ५ : खडकातील सॉकेट

आपल्या जागेत टोक ब्रेशियात १.५ मीटर रुतवायचे आहे असे धरू; खडकात रुतलेल्या या भागालाच सॉकेट म्हणतात. दाबसामर्थ्य भिजलेल्या नमुन्यांवरून १२ मेगापास्कल मिळाले आहे. इमारतींच्या पाइलसाठी आयएस १४५९३ ही मार्गदर्शिका आहे. पुलांसाठी असलेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ७८ या संहितेची पद्धत कोअरच्या नोंदींशी थेट जोडलेली असल्याने येथे तिचाच वापर केला आहे.

१. खडकाचा गुणांक. कोअर रिकव्हरी आणि आरक्यूडी यांची सरासरी काढायची : ६० आणि ३६ यांची सरासरी ४८ टक्के. ही सरासरी ३० टक्के असेल तर गुणांक ०.३ आणि १०० टक्के असेल तर १.२, मधले मूल्य प्रमाणात घ्यायचे. ४८ टक्क्यांना ०.५३ येते.

२. खोलीचा गुणांक. सॉकेटची लांबी भागिले व्यास याला ०.४ ने गुणून त्यात १ मिळवायचा, पण उत्तर १.२ च्या वर जाऊ द्यायचे नाही. येथे २ येतात, म्हणून १.२ घ्यायचा.

३. टोकाची क्षमता. ०.५३, १२ मेगापास्कल, १.२ आणि टोकाचे क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर यांचा गुणाकार सुमारे २,१६० किलोन्यूटन. सुरक्षा गुणक ३. हाती राहिले ७२० किलोन्यूटन.

४. सॉकेटचे घर्षण. दाबसामर्थ्याचे वर्गमूळ गुणिले ०.२२५, म्हणजे ०.७८ मेगापास्कल. सॉकेटचे वरचे ३०० मिलिमीटर सोडून द्यायचे, कारण तेथला खडक खोदाईत खिळखिळा होतो. उरलेल्या १.२ मीटरचे पृष्ठफळ २.२६ चौरस मीटर, त्यावर अंतिम घर्षण सुमारे १,७६० किलोन्यूटन. सुरक्षा गुणक ६. हाती राहिले २९४ किलोन्यूटन.

दोन्ही मिळून सुमारे १,०१४ किलोन्यूटन.

दोन सुरक्षा गुणक वेगळे आहेत, याकडे लक्ष द्यावे. टोक आणि घर्षण यांची आधी बेरीज करून तिला एकाच आकड्याने भागणारे हिशोब मी पाहिले आहेत. सर्वत्र ३ लावला, तर येथे सुरक्षित भार १,३०० च्या वर जातो.

कोअर बॉक्समधील त्या दोन नऊ सेंटिमीटरच्या तुकड्यांचे मोलही येथे कळते. आरक्यूडी २४ टक्केच धरली असती, तर गुणांक ०.४५ आला असता आणि टोकाचा सुरक्षित भार सुमारे १०० किलोन्यूटनने घटला असता. जुन्या भेगा खोट्या जोडल्या, तर तेवढाच भार नसलेल्या ठिकाणाहून मिळवला जातो.

इशारा : हिशोबात सर्वांत चांगली रन घेऊ नये. सॉकेटच्या उंचीतील आणि टोकाखालच्या निदान दोन-तीन व्यासांतील रन पाहून त्यांतली कमकुवत धरावी. कोअर इतका तुकड्या-तुकड्यांचा मिळत असेल की चाचणीला नमुनाच नाही, तर ही पद्धत सोडून एन मूल्यांवर आधारलेल्या कोल आणि स्ट्राउड यांच्या पद्धतीकडे वळावे.

## टप्पा ६ : खाली खेचणारे घर्षण वजा करणे

आता ‘घेतो’ लिहिलेल्या थरांचा हिशोब. पाइलचा परीघ १.८८५ मीटर आहे.

मरीन क्ले : ८ मीटर गुणिले १.८८५ गुणिले १५ किलोपास्कल, म्हणजे २२६ किलोन्यूटन. भराव : सरासरी परिणामी दाब २७ किलोपास्कल, त्याचे सुमारे ०.३ पट घर्षण, ३ मीटर उंचीवर ४६ किलोन्यूटन. एकूण २७२ किलोन्यूटन.

पाइलच्या डोक्यावर प्रत्यक्षात ठेवता येणारा भार १,०१४ वजा २७२, म्हणजे ७४२ किलोन्यूटन.

हेच दोन थर आधार देतात असे मानून त्यांचे घर्षण २.५ ने भागून मिळवले असते, तर उत्तर सुमारे १,१२३ आले असते. फरक ३८१ किलोन्यूटनचा, म्हणजे प्रत्येक पाइलमागे जवळजवळ ३९ टनांचा आहे. तो पहिल्या दिवशी दिसत नाही. क्ले दबत जाते तशी दोन-पाच वर्षांनी भिंतींवर तिरकी भेग दिसू लागते आणि तोवर इमारतीत माणसे राहायला आलेली असतात.

पडताळणी : खेचणाऱ्या घर्षणाला सुरक्षा गुणकाने भागलेले नाही ना? ते पाइलवर येणारे ओझे आहे. त्याला भागले की ओझे कमी दिसते.

हा भार जास्तच वाटत असेल, तर वरच्या भागात कायमचा पोलादी लायनर (नळीसारखे आवरण) ठेवून त्यावर बिटुमेनचा लेप देणे हा मार्ग आहे. मात्र लेप उतरवताना खरवडला जाणार नाही, याची व्यवस्था आधी ठरवावी लागते.

## टप्पा ७ : काँक्रीट आणि गट

खडक चांगला असेल, तर अनेकदा पाइलचे काँक्रीटच मर्यादा ठरवते. एम २५ साठी आयएस ४५६ नुसार थेट दाबाचा अनुज्ञेय ताण ६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या पाइलचे काँक्रीट सुमारे १,६९६ किलोन्यूटन पेलते. याच्याशी तुलना करताना ७४२ न घेता खेचणारे घर्षण धरून १,०१४ घ्यायचे, कारण क्लेच्या तळाशी पाइलच्या छेदात तेवढा दाब असतो. येथे पाइल सुरक्षित आहे.

पाइलांतील मध्य-ते-मध्य अंतर खडकावर टेकणाऱ्या पाइलसाठी व्यासाच्या किमान दुप्पट, कठीण थरावर टेकणाऱ्यांसाठी अडीच पट आणि घर्षणावर उभ्या पाइलसाठी तिप्पट ठेवतात. मातीत थांबलेल्या घर्षण-पाइलच्या गटाची क्षमता संपूर्ण गट एकच ठोकळा मानूनही तपासावी.

## टप्पा ८ : कागदावरचा खडक आणि भोकातला खडक

हिशोब १७ मीटरला खडक लागेल असे म्हणतो. प्रत्येक पाइलला तो तेथेच लागेल असे नाही, म्हणून सॉकेट कोठून मोजायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवावे. पहिला पाइल बोअरहोलच्या अगदी शेजारी घ्यावा, आणि त्या खोलीवर रिगचा वेग, टॉर्क आणि बाहेर येणाऱ्या तुकड्यांचा रंग-आकार काय आहे, याची नोंद करावी. चिझेलने खोदाई असेल, तर चिझेलचे वजन, पडण्याची उंची आणि दर १० सेंटिमीटरला लागणारे ठोके लिहावेत. पुढच्या पाइलांची तुलना या नोंदीशी करायची असते. तुकड्यांच्या पिशव्या पाइलचा क्रमांक आणि खोली लिहून जपून ठेवाव्यात.

ट्रिमी (काँक्रीट तळापर्यंत नेणारी नळी) उतरवण्यापूर्वी तळ साफ करून वजनी दोरीने खोली दोनदा मोजावी : खोदाई संपल्यावर एकदा आणि सळयांचा पिंजरा उतरवून पुन्हा फ्लशिंग (तळाचा गाळ धुऊन काढणे) केल्यानंतर एकदा. चांगला तळ लागला की दोरीचे वजन टणकन टेकते आणि हाताला ते कळते; गाळ असेल तर वजन हलकेच रुतते आणि दोरी ढिली पडायला वेळ लागतो. टोकाचे ७२० किलोन्यूटन या साफसफाईवरच अवलंबून आहेत. तळाशी १०० मिलिमीटर गाळ राहिला, तर टोक खडकावर टेकण्यापूर्वीच पाइल मर्यादेपेक्षा जास्त खचतो, आणि मग हिशोबात उरतात ते फक्त सॉकेटच्या घर्षणाचे २९४.

इशारा : दोन मापांत फरक आला, तर पुन्हा फ्लशिंग करावे. काँक्रीटची गाडी येऊन उभी राहिली आहे, हे कारण ऐकून घेऊ नये.

## टप्पा ९ : भारचाचणी लावणे आणि वाचणे

चाचणी आयएस २९११ च्या भाग ४ प्रमाणे करावी. प्रारंभिक चाचणी इमारतीचा भाग नसलेल्या वेगळ्या पाइलवर, अंदाजित सुरक्षित भाराच्या किमान २.५ पट भार लावून करतात. नियमित चाचणी कामाच्या पाइलवर १.५ पट भाराने करतात. साधारणपणे ०.५ टक्के पाइल तपासले जातात आणि जमिनीच्या स्वरूपानुसार हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

खाडीकाठची सर्वांत मोठी चूक येथे होते. चाचणी एक-दोन दिवसांत संपते. तेवढ्यात क्ले दबत नाही, पाइल खाली दाबला जात असतो आणि क्ले त्याला वर धरून ठेवते. म्हणजे पुढे जे २७२ किलोन्यूटन ओझे होणार आहेत, तेच चाचणीत आधार म्हणून हजर असतात. ७४२ च्या दीडपट, म्हणजे १,११३ किलोन्यूटन लावून पाइल उत्तीर्ण ठरवला, तर त्यातले २७२ क्लेने पेलले आणि खालच्या थरांनी केवळ ८४१ पेलून दाखवले. त्यांच्यावर कायमचा भार मात्र १,०१४ येणार आहे. चाचणी उत्तीर्ण झाली आणि काहीच सिद्ध झाले नाही.

भार असा ठरवावा :

- नियमित चाचणी : १,०१४ च्या दीडपट अधिक २७२, म्हणजे सुमारे १,७९३ किलोन्यूटन
- प्रारंभिक चाचणी : १,०१४ च्या अडीच पट अधिक २७२, म्हणजे सुमारे २,८०७ किलोन्यूटन

दुसऱ्या भाराला ६०० मिलिमीटरच्या पाइलमध्ये जवळजवळ १० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण येतो, म्हणून चाचणीच्या पाइलचे काँक्रीट वरच्या दर्जाचे घ्यावे आणि डोके नीट बांधून घ्यावे. शक्य असेल तर वरच्या ११ मीटरमध्ये दुहेरी लायनर घालून क्लेचा स्पर्शच टाळावा, किंवा पिंजऱ्यावर वेगवेगळ्या खोलींवर ताणमापक बसवावेत. ताणमापकांचा खर्च पाइलांची संख्या पाहता नगण्य असतो, आणि कोणता थर किती भार घेतो हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

भार अंदाजित सुरक्षित भाराच्या सुमारे २० टक्क्यांच्या पायऱ्यांनी वाढवावा. प्रत्येक पायरीवर खचण्याचा वेग ३० मिनिटांत ०.१ मिलिमीटर किंवा तासाभरात ०.२ मिलिमीटर होईपर्यंत, अथवा दोन तास होईपर्यंत थांबावे. डायल गेजचे (खचणे मोजणाऱ्या मापकाचे) आधारदांडे पाइलच्या कडेपासून व्यासाच्या तिप्पट आणि किमान १.५ मीटर दूर रोवावेत व उन्हापासून झाकावेत. मे महिन्याच्या दुपारी उघडी पोलादी दांडी वाकून गेजवर खचणे दाखवते आणि संध्याकाळी पाइल ‘परत वर येतो’.

प्रारंभिक चाचणीवरून सुरक्षित भार दोन निकषांपैकी लहान घ्यायचा. एक : ज्या भाराला खचणे ठरावीक मर्यादा गाठते त्याचा दोन-तृतीयांश. ही मर्यादा ६०० मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाला १२ मिलिमीटर आहे आणि त्याहून मोठ्या व्यासाला १८ मिलिमीटर किंवा व्यासाचे २ टक्के, यांपैकी जे कमी ते. ७५० मिलिमीटरच्या पाइलला म्हणून १५ मिलिमीटर लागू होते, १८ नव्हे. दोन : ज्या भाराला खचणे व्यासाच्या १० टक्के होते त्याचा निम्मा. दोन्हींतून आलेल्या भारातही क्लेचा वाटा लपलेला असतो, म्हणून तो आधी वजा करून मगच आकड्याची तुलना १,०१४ शी करावी.

समजा, २,८०७ किलोन्यूटनला पाइल केवळ ७ मिलिमीटर खचला. लगेच मागणी येते की सुरक्षित भार वाढवून पाइल कमी करावेत. अशा वेळी तीन कागद शेजारी ठेवावेत : चाचणीच्या पाइलशेजारचे बोअरहोल, प्लॉटमधील सर्वांत कमकुवत बोअरहोल आणि त्या पाइलची खोदाईची नोंद. चाचणीचा पाइल चांगल्या खडकात आणि सर्वांच्या देखरेखीखाली झालेला असतो. शिवाय ११ ते १७ मीटरमधील ज्या थरांना आपण राखीव ठेवले, त्यांचा हातभारही त्या ७ मिलिमीटरमध्ये आहे, आणि ताणमापक नसतील तर तो किती हे वेगळे काढता येत नाही. कमकुवत बोअरहोलजवळ दुसरी प्रारंभिक चाचणी करून तिथेही असाच आलेख मिळाला, तरच सॉकेटची लांबी किंवा भार यांचा फेरविचार मी करतो. तोवर कॉलमच्या नकाशावर ७४२ हाच आकडा राहतो.